मधली सीट

वैशाखरे गावचा भगीरथ म्हणजे दुधाने तोंड पोळलेला माणूस. त्याची पहिली जुनी गाडी पुरात बुडालेली निघाली. म्हणून दुसरी घेताना तो ताकही फुंकून प्यायला. मुरबाडच्या दलालासमोर बसून त्याने मोबाईलवर गाडीचा सगळा इतिहास काढला. मालक एकच, विम्याचा दावा नाही, अपघात नाही, पोलीस केस नाही. स्वारी खूश! घर याच गाडीवर चालायचं होतं, म्हणून त्याच्या बायकोने, रंजिताने, चाकापुढे नारळ फोडला.

मुरबाड ते वैशाखरे सीट भरून माणसं न्यायची, एवढंच काम. पण डोंगराकडच्या एका पाड्याची माणसं गाडीत बसेनात. भर उन्हात मागच्या गाडीची वाट बघत उभी राहायची. एक बाई तर नंबर वाचून पिशवीसकट मागे फिरली. हळूहळू बाकीचेही कचरू लागले. कारण कोणी सांगेना. भगीरथ रिकामी गाडी घेऊन यायचा आणि आरशात रिकामी मधली सीट दिसली की नजर वळवायचा. गडी तसा धीट; पण घाबरला होता, उगीच कशाला लपवा.

एका दुपारी त्या पाड्यातल्या हिराबाईने हात केला. एकटीच होती.

"आजी, तुमी तरी सांगा. काय हाय या गाडीत?"

"माजा धर्मा हाय," ती म्हणाली.

आधीच्या मालकाने तिच्या मुलाला घाटाखालच्या वळणावर उडवलं होतं. त्यानेच उचलून याच गाडीच्या मधल्या सीटवर निजवलं, दवाखान्याकडे पळवलं. पोर मुरबाडच्या अलीकडेच गेलं. गाडी तिथूनच परत फिरली. मग दोन्हीकडची जाणती माणसं देवळापुढे बसली आणि त्यांनी मिटवलं. मिटवलेलं उकरायचं नाही, बाहेर बोलायचं नाही, ही तिथली रीत. हिराबाईने ती आज मोडली.

"पन रिपोर्टात तर काय नाय," भगीरथ पुटपुटला.

"आमी पोलिसाला सांगला नाय, मंग तुज्या मोबाईलला कोन सांगंल?"

"पुढं बसा, आजी."

तिने ऐकलं नाही. मधल्या सीटवर बसली, नव्या कव्हरवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत राहिली.

"लय उंच होता रे माजा धर्मा. हितं त्याला पाय तरी पसरता आलं असतील का?"

 सुरुवातीला दुपारी सीट भरेपर्यंत भगीरथ स्वतः तिथेच आडवा व्हायचा, गुडघे पोटाशी घेऊन.