नाना आणि अर्धा मोडेम

नाना कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कुठलंही कार्ड घेण्याआधी त्यावरच्या चिपचा नंबर भिंगातून वाचत. मग विचारत, "याचा कागद आहे का?" म्हणजे ही चिप कशी चालते, हे बनवणाऱ्याने जगाला सांगितलंय का. उल्हासनगर कॅम्प पाचमधले दुकानदार त्यांना गॅरंटी कार्ड आणून देत.

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले नाना बेलवलीला आमच्या शेजारी राहत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते कॉम्प्युटरवर लिनक्स ही आतलं सगळं उघडं असणारी सिस्टीम वापरत. मीही वापरतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर मला ते चालू करता येई. बंद करायला नानांना हाक मारावी लागे.

"कारखान्यात मशीनसोबत ड्रॉइंग यायचं," नाना म्हणत. "ड्रॉइंग नसेल तर मालक दुसराच, आपण नुसते ऑपरेटर."

मस्कतच्या मुलीला ई-मेल पाठवायचा म्हणून त्यांना फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम हवा होता. नेमकं तेव्हाच मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. चालणाऱ्या चिप्सची यादी त्यांनी माझ्या हाती दिली. "नंबर जुळला तरच घे." एवढा विश्वास माझ्यावर घरच्यांनीही कधी टाकला नव्हता.

दुकानात मला यादी काढायचीच लाज वाटली. मी एक्स्पर्ट ना! सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, आँख बंद करके ले जाओ, सब में चलता है." मी तस्साच घेऊन आलो. नानांच्या मशीनमध्ये तो मोडेम ढिम्म हलेना. अर्धा मोडेम कार्डावर होता, उरलेला अर्धा घरोघरी असणाऱ्या त्या दुसऱ्या सिस्टीमच्या सॉफ्टवेअरमध्ये. मग मी कहरच केला. नानांच्या डोळ्यावर पट्टी आहे तोवर मित्राची सीडी आणून ती सिस्टीम टाकली. लिनक्स पुसलं गेलं. मोडेम मात्र फोन लावताना किंचाळायला लागला.

पट्टी सुटल्यावर नानांनी मशीन चालू केलं, तर स्क्रीनवर ती दुसरी सिस्टीम.

"आता लगेच ई-मेल पाठवता येईल," मी म्हणालो.

"माझ्याच मशीनवर मी ऑपरेटर?" एवढंच म्हणून त्यांनी मुलीला पोस्टाने पत्र लिहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

महिन्याभराने त्यांनीच मला कॅम्प पाचला नेलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. विटेएवढा, बाहेर ठेवायचा, पण अख्खा स्वतःतच असलेला जुना मोडेम मिळाला. लिनक्स मलाच परत टाकायला लावलं. तीन रविवार गेले. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "तोंड तिकडे कर." मी केलं.

वर्षभराने नाना कायमचे मुलीकडे निघाले. जाण्याआधी मशीन माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला. माझे डोळे भरून आले.

"रडतोस काय?" नाना म्हणाले. "आता बिघडवलंस तर तुझं तूच निस्तर."