सहा महिन्यांचा कप

दारव्ह्याच्या पोट्ट्यांनो, आता गुलाल उधळू नका.

माझा लहान भाऊ प्रवीण राष्ट्रीय फुटबॉल कपची फायनल खेळला. परवा मॅच बरोबरीत सुटली, मी सुरतहून घरी कळवलं. आपल्या गावात बरोबरी झाली की कप दोघांचा, सहा-सहा महिने. बाबानं तेच समजून पेढे वाटले.

तिथं पेनल्टी नसते, फायनल पुन्हा खेळवतात, हे मलेही काल समजलं. आज दुपारी कारखान्यात मोबाइलवर पाहिली. आपण हरलो.

मॅच संपल्यावर प्रवीण फोनवर म्हणे, "दादा, मी घरी जात नाही. तुयाच कारखान्यात लावून दे मले."

मग बाबाचा फोन आला. "पहिले सहा महिने कप आपल्याकडंच ठेवा म्हणा. तुया मायनं फळी पुसून ठेवली."

मी हो म्हणलो.

बाबाले वाचता येत नाही, म्हणून इथं गावच्या ग्रुपवर लिहून राह्यलो. त्याले कोण सांगन?