दोन वर्षांपुरती काडीमोड

कळंबच्या मोटार-स्टँडवर मला पोचवायला माय आली होती, धाकटी बहीण अनसूया आली होती, आणि माझा नवरा रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानापाशी आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याला जवळ येता येत नव्हतं. आदल्याच आठवड्यात पाच पंचांसमोर आमची काडीमोड झाली होती, आणि सोडलेल्या बायकोची ट्रंक कोणी मोटारीवर चढवून देत नाही. तीन वर्षांची सुमन घरी सासूजवळ होती. तिला निजलेलीच सोडून आले होते, जागी असती तर माझा पाय निघाला नसता. मायनं माझ्या तोंडावरून पदर फिरवला आणि कानाशी लागून म्हणाली, "पोरी, रडू नोको. रडली तं लोकाईले वाटन, खरंच टाकली." म्हणून मी हसले. वेड्यासारखी मोठ्यानं हसले. सरकारला मात्र खरंच टाकली असं वाटायला हवं होतं, तेव्हा कुणासमोर रडायचं आणि कुणासमोर हसायचं हे यवतमाळपर्यंतच्या सोळा मैलांत मला उमजलं नाही.

अनसूये, तू तिथंच राहिलीस म्हणून हे तुझ्यासाठी लिहिते. आणि माझ्याबरोबर यवतमाळच्या नर्सच्या वर्गात होत्या त्या बायांसाठी. त्यातल्या किती जणी खऱ्या टाकलेल्या होत्या हे त्यांनाच ठाऊक.

नवऱ्याचं नाव जनार्दन. पूर्वी मी ते उखाण्याशिवाय घेत नव्हते, आता भाजीवाल्याचं घ्यावं तसं घेते. तो कापसाच्या जिनात रेचा चालवायचा, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणारं यंत्र. काम दिवाळीपासून होळीपर्यंत, मग जिनाला कुलूप आणि हा पारावर. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात तो यवतमाळच्या रोजगार कचेरीत नाव नोंदवायला गेला. बाबूनं विचारलं, काय येतं? हा म्हणाला, रेचा चालवता येते, बिघडला तं खोलून जोडताही येते. बाबूनं शिक्षण विचारलं. ते नव्हतं. बाबूनं कार्डावर लिहिलं 'अकुशल'. सहा वर्षं रेचा चालवणारा माणूस अकुशल, बाप्पा! घरी येऊन त्यानं ते कार्ड कंदिलाच्या मागं खोचलं.

मी सातवी पास होते. बाबा शाळेत चपराशी होते, झाडू मारता मारता मला वर्गात बसवून देत, म्हणून पास. त्याच साली यवतमाळला बायांसाठी दाई-नर्सचा दोन वर्षांचा वर्ग निघाला. राहणं, जेवण, पांढरं लुगडं सगळं फुकट, आणि पास झालं की नोकरी. फक्त जागा आधी विधवांना, परित्यक्तांना, निराधार बायांना. लेकुरवाळीला घेतच नव्हते. जिचा नवरा जिवंत आहे, कामाविना बसला आहे, आणि तरी तिला मारत नाही, अशा बाईसाठी त्या अर्जात रकानाच नव्हता.

युक्ती ग्रामसेवकाची. "परित्यक्ता लिहा, मूल नाही लिहा, पंचांचा दाखला जोडा," म्हणाला. जनार्दन आणि मी दोघं रामजीबुवांकडे गेलो. ते आमच्या समाजाचे मोठे पंच. माणूस सच्चा, आजही मी त्यांना लबाड म्हणणार नाही. लबाड असते तर बरं झालं असतं! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "खोटा दाखला मी देत नाई. पंचाच्या तोंडून खोटं निंघालं तं पंचाले गावात कोन पुसन? काडी मोडा, मंग देतो. दोन वर्सानं पोरगी पास झाली का पुन्हा पाट लावून देऊ दोघाईचा." आम्हाला ते पटलं. सरकारशी खोटं बोलायला आमची काही हरकत नव्हती, पण पंचांना खोटं बोलायला लावणं पाप वाटलं. एवढे आम्ही शहाणे.

पारावर पाच जण बसले. जनार्दननं सुकी तुराटी दोन्ही हातांत धरली आणि मोडली. रामजीबुवांनी मला विचारलं, "मर्जीनं हाये ना वं पोरी?" मी म्हटलं, मर्जीनं. मग सगळ्यांना चहा दिला. घरी येताना आम्ही दोघं हसत होतो, लग्न झाल्यापासून कधी हसलो नव्हतो इतकं.

आता एक गोष्ट सांगते, ती अनसूये तुलाही कधी सांगितली नाही. मला तिथं आवडलं. लोखंडी खाट, डोक्यावर विजेचा दिवा, सकाळी घंटी, हजेरीत 'वच्छलाबाई' अशी हाक. गावात मी अमक्याची सून, तमक्याची पोरगी. इथं मला ड्यूटी होती, चार्ट होता, थर्मामीटर होतं. रात्री खाटेवर सुमनची आठवण यायची, पण वॉर्डात गेलं की तासन्‌तास यायचीही नाही. मी ते स्वतःपासून लपवत असे.

होस्टेलच्या मोठ्या बाई वाईट नव्हत्या, नियमाच्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात एका मुलीचा नवरा भेटायला आला आणि संध्याकाळच्या आत तिची ट्रंक फाटकाबाहेर गेली. "टाकलेल्या बाईला भेटायला नवरा येत नसतो," एवढंच त्या म्हणाल्या. मी घरी पत्र घातलं की कोणी येऊ नका. ते पत्र जनार्दनला कोणी वाचून दाखवलं की नाही, देव जाणे.

आठव्या महिन्यात तो आला. सोळा मैल पायी, सुमनला खांद्यावर घेऊन, भर दुपारी. पहारेकऱ्यानं मला बोलावलं. मी गेले तर मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या. फाटकापलीकडे हा, घामानं भिजलेला, आणि सुमननं मला पाहिल्याबरोबर दोन्ही हात पुढे केले. "माय!"

मोठ्या बाईंनी विचारलं, "हा तुमचा कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. गावचा माणूस आहे."

"आणि ही मुलगी तुम्हाला आई म्हणते?"

"आमच्या गावात सगळीच पोरं मोठ्या बाईला माय म्हणतात."

हे मी बोलले. कोणी माझा गळा धरला नव्हता. आवाजही थरथरला नाही, उलट मला वाटलं, वा, काय पटकन सुचलं! सुमन हात तसेच धरून होती. जनार्दननं माझ्याकडे पाहिलं, मग तिचे हात हळूच खाली केले. "चाल सुमन, चुकलो आपन. हे थे नोहे." तो वळला आणि कळंबच्या रस्त्याला लागला. पोरीला पाणीही पाजलं नाही मी. मोठ्या बाई म्हणाल्या, जा, ड्यूटीवर जा. मी गेले आणि चार वाजता सगळ्यांची टेंपरेचरं घेतली.

परीक्षेला तीन महिने होते तेव्हा अनसूये, तुझं कार्ड आलं. जनार्दननं फुलसावंगीकडच्या एका बाईशी पाट लावला. मी दोन दिवसांची रजा काढली ती तडक रामजीबुवांकडे. म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता ना, दोन वर्षांनी आमचा पाट लावू? ते म्हणाले, "म्हटलं होतं. त्याले बोलावून सांगतलंही. थो म्हनते, पंचाईच्या म्होरं मी तिले सोडलं थे खोटं होतं. फाटकावर तिनं मले सोडलं थे खरं होतं. आता मी काय बोलू?" मी म्हटलं, पोरगी तरी द्या. "पोट्टी बापाची. अन् तूच तं लिवून देल्लं, मूल नाई म्हनून." खोटं बोलत नसत ना ते. त्यांचा राग कसा करू?

घरी गेले. सासू दारात आली. एरवी "काय वं" म्हणून हाक मारणारी बाई, हात जोडून म्हणाली, "या नर्सबाई, पानी घेता काय?" त्या 'घेता'नं माझं काळीज चिरलं. आतून सुमननं डोकावून पाहिलं आणि परत आत गेली.

नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "परित्यक्ता आहात का?" दोन वर्षं या प्रश्नाला मी घाबरत होते, उत्तर घोकत होते. मी हो म्हणाले, आणि माझ्या ध्यानात आलं की आता हे खोटं राहिलं नाही. ऑर्डर आठ दिवसांत आली.

तेव्हापासून मी राजूरला आहे. कोळशाच्या खाणीची वस्ती, दवाखाना, दोन खोल्यांचं क्वार्टर. धुतलेलं लुगडं वाळेपर्यंत काळं होतं. बायका तेलुगू बोलतात, हिंदी बोलतात, माझी बोली ऐकून हसतात. माझ्या हातून किती बाळं झाली याचा हिशेब मी ठेवत नाही. लोक मला सिस्टर म्हणतात, पोरं सलाम करतात. जनार्दन अजून होळीनंतर पारावर बसतो असं अनसूये, तू लिहितेस. ज्या नोकरीसाठी आम्ही दोघं हसत घरी आलो होतो ती मला मिळाली. तिच्यावर जगायला मी एकटीच आहे.

सुमनसाठी दर दिवाळीला कापड पाठवत गेले. पोच कधी आली नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात ती स्वतःच आली. चौदा वर्षांची, माझ्याहून उंच. शेजारच्या काकूबरोबर मोटारीनं आली होती. मला वाटलं, देवानं ऐकलं. मी शिरा करायला घेतला, हात भाजून घेतला. तिनं खाल्लं, ताट घासून ठेवलं आणि पिशवीतून एक अर्ज काढला. अमरावतीला मुलींसाठी मास्तरणीचा वर्ग, राहणं-जेवण फुकट.

"आई नसलेल्या पोरीईले आधी जागा देतात," ती म्हणाली. "तुम्ही मेल्या असं लिवलं तं मले भेटते. बाबा म्हने, इचारून येजो."

मी म्हटलं, घरी तुझी दुसरी आई आहे ना?

"थे चालते. सख्खी मेलेली पायजे."

ती दुष्टपणानं बोलली नाही. रेशनच्या दुकानातला नियम सांगावा तसं बोलली. मी विचारलं, "अन् मी तुले भेटाले आली तं?" ती म्हणाली, "मेलेलं मानूस येते काय? शीट जाईन माही." मला तिला सांगायचं होतं की पोरी, असल्या कागदावर लिहू नको, लिहिलेलं खरं होऊन बसतं. पण नाही म्हटलं असतं तर ती तशीच गेली असती, आणि चार वर्षांत कुणाच्या तरी घरी भाकरी थापत बसली असती. मी म्हटलं, "लिव."

"कवा मेल्या लिवू?"

"तुह्या मनानं लिव."

तिनं विचार केला नाही. साल तिच्याजवळ तयार होतं.

आता इथली माणसं मला विचारतात, सिस्टर, तुमचं घर कुठलं? मी कळंबकडचं म्हणते आणि विषय बदलते. माझ्या मते घर म्हणजे जिथं माणसाला आपलं नातं खरं सांगता येतं ती जागा. तशी जागा मला या जिल्ह्यात नाही. सुमनला पत्र घालावंसं वाटतं तेव्हा लेखणी घेऊन बसते, पण मेलेल्या बाईचं पत्र होस्टेलात कोण घेईल? म्हणून हे तुम्हाला लिहिलं. पुढल्या महिन्यात तिची परीक्षा आहे. पास होईल ती, डोकं माझं आहे तिचं. पण हे कुणाजवळ बोलू नका, पोरीची जागा जाईल.