साडभाऊंचा निवडक नमुना

भिलाईत रशियनांच्या मदतीने पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या त्या काळात माझ्या साडभाऊंइतका भित्रा माणूस अख्ख्या दुर्ग जिल्ह्यात नव्हता, आणि हे ते स्वतःच मोठ्या ऐटीत सांगत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रशियन साहेबाने हात पुढे केला की हे दोन्ही हात पाठीमागे घेऊन लांबूनच मान लववत. "पंजा हाय का शिकंजा जी!" म्हणत. सुई टोचणारी नर्स रस्त्यात दिसली, की सायकल वळवून अख्ख्या सेक्टरला वळसा घालून घरी येत.

नोकरी अहिवारा गावाकडे, एका ठेकेदाराच्या चुनखडीच्या खाणीवर. तपासणीला पाठवायचा दगड वेचणं हे त्यांचं काम. ढिगात माती किती का मिसळलेली असेना, हे नेमका पांढराशुभ्र दगड शोधून, धोतराने पुसून पाठवत. "नमुना म्हंजे दाखवाची पोरगी होय. तोंड धुतल्याबिगर बाहेर कावून आनाव?"

आणि त्यांना झाला हर्निया. डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, कापावंच लागेल. पण आधी रक्त-लघवी तपासू. झालं! साडभाऊंचं अन्न तुटलं. एका सकाळी इस्पितळाची रिकामी बाटली घेऊन ते माझ्या दारात उभे.

"साडभाऊ, हे तुमी भरून द्या."

"मी कावून?"

"माहा माल मातीचा हाय जी. नापास झालो तं टेबलावरच मरन. तुमी दंडबैठका काढता, तुमचा माल फस्कलास."

स्तुतीपुढे मी पहिल्यापासूनच स्वस्त. छाती फुगवून बाटली भरून दिली, वर त्यांच्यासोबत इस्पितळातही गेलो.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून आम्ही दोघं श्वास रोखून पाहत होतो. आतल्या माणसाने नळीत निळं औषध घेतलं, त्यात बाटलीतले थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"शक्कर है, बहुत है," तो साडभाऊंना म्हणाला. "पहले इसका इलाज. ऑपरेशन अभी नहीं होगा."

म्हणजे साखर माझी! माझ्या काकांचा पाय साखरेपायीच कापला होता. तरी बाटली माझी, हे मी कबूल केलं नाही. बोललो असतो तर पहिली सुई मलाच! साडभाऊ तर सुटलेच होते. चेहऱ्यावर तसं हसूही आलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसू विझलं.

"घाम कावून येऊन राहिला तुमाले?"

"उकाडा हाय."

"उकाडा नाही होय."

आणि तो भित्रा माणूस पोट धरून खिडकीत वाकला. "साहेब, थो माल माहा नाही. याचा होय. याले पयले धरा. माहं काय निंगते थे मंग पाहा."

डॉक्टरांनी आम्हाला असं झापलं की वॉर्डातले रोगी उठून बसले. साडभाऊंची खरी बाटली गेली, बोटात सुई गेली. त्या वेळी त्यांनी माझा हात असा दाबला की टोचलं कोणाला तेच कळेना. ऑपरेशनला नेताना ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "वापस नाही आलो तं पोरायले सांगा, बाप सोताच्या मालावर पास झालता."

आले वापस. माझ्या घरी मात्र त्यानंतर फिकाच चहा प्यायले. "एकट्याले फिका पाजनं बरं दिसत नाही." घरी गेल्या गेल्या त्याची भरपाई करत, असं मेहुणीबाई सांगत. लग्नाच्या पंगतीत ते माझ्या शेजारीच बसत आणि गोड वाढणारा आला की माझ्या पानावर हात आडवा धरत. "इथं नाही. पुढं चाल." त्या हाताचा मला किती राग यायचा!

त्यांच्या तेरवीला बुंदी होती. वाढणारा माझ्यापुढे वाकला. मी शेजारच्या पानाकडे पाहिलं. त्याने वाढली आणि तो पुढे गेला.