खापरीबाईंचं गाव

खापरीबाई पुस्तक मागून वाचायच्या. नवं पुस्तक हातात आलं की आधी संदर्भसूची, मग तळटिपा, मग नकाशे, आणि एवढ्यातून लेखक वाचलाच तर पहिलं पान. "माणूस काय म्हणतो ते नंतर बघू, आधी कुणाच्या जिवावर म्हणतो ते बघू," असं म्हणायच्या. एखाद्या जाडजूड उत्खनन अहवालात नकाशाला मोजपट्टी नसली, की तो ग्रंथ मिटलाच. पुढे कितीतरी दिवस त्या विद्वानाचं नाव जरी निघालं तरी बाईंच्या कपाळाला आठी पडायची.

नाशिकच्या एका कॉलेजात त्या प्राचीन इतिहास शिकवत. पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगत, "सुट्टीत घरी जाल तर शेतातली खापरं घेऊन या." म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मी निफाड तालुक्यातली, द्राक्षवाल्याची मुलगी. दिवाळीनंतर आमच्या मळ्यातली खापरं स्टीलच्या डब्यात भरून निघाले, तेव्हा आई म्हणाली, "त्या बाई खापरावर मांडे करतात का काय?" बाईंनी डबा उघडला, एक काळं-तांबडं खापर खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्या दिवशी तास घेतलाच नाही. रविवारी बाई आमच्या मळ्यात हजर. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, खांद्याला शबनम.

"कशावरून?" हा त्यांचा आवडता शब्द. भाजीवाली म्हणाली मेथी ताजी आहे, तर बाई विचारणार, "कशावरून?" भाजीवालीही पक्की पंचवटीची. ती म्हणायची, "हीच खाऊन तुमच्याशी बोलायला मला त्राण हाय, यावरून." मला स्थळ आलं तेव्हा मी लाजत सांगितलं की मुलगा स्वभावाने चांगला आहे. बाईंनी तोच प्रश्न विचारला. मला जाम राग आला, पण घरी जाऊन विचार केला तर उत्तर सापडेना. मग मी मुलाला आणखी दोनदा भेटले आणि मगच होकार दिला. त्याला हे अजून माहीत नाही.

कॉलेज रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांना बसायला खुर्ची नव्हती, कारण सगळ्या खुर्च्यांवर पुस्तकं बसलेली. संस्कृत, प्राकृत, लेण्यांमधले शिलालेख, दख्खनमधल्या उत्खननांचे अहवाल. लावण्याची पद्धत मात्र जगावेगळी होती. ज्या दोन विद्वानांचं आपसात पटत नाही, त्यांची पुस्तकं त्या मुद्दाम शेजारी ठेवत. मी म्हणायचे, "बाई, तुम्ही बाहेर गेलात की मारामारी होत असेल इथे." त्या म्हणायच्या, "होऊ दे. एकटं राहिलेलं पुस्तक शेफारतं." आणि पुस्तक न्यायला द्यायच्या ते एका अटीवर: परत आणताना त्यातली एक तरी गोष्ट पटली नाही असं सांगायचं.

हे सगळं वाचून त्या स्वतः एकच पुस्तक लिहीत होत्या, वर्षानुवर्षं, आणि मराठीत. आमच्या भागातल्या जुन्या वस्त्यांविषयीचं. "इंग्रजीत लिहिलं तर लंडनला कळेल. निफाडच्या माणसाला त्याच्या पायाखालचं कोण सांगणार?" त्या पुस्तकाचा जीव होता तिसरं प्रकरण. आमच्या गावाशेजारी पांढरी आहे, म्हणजे जुनं गाव मोडून त्याच्या मातीचं झालेलं टेकाड. ते सगळ्या अभ्यासकांना माहीत होतं. पण पांढरी ओढ्याच्या अलीकडे, आणि माझ्या डब्यातली खापरं पलीकडच्या मळ्यातली. त्यावरून बाईंनी मांडलं की पलीकडेही एक गाव होतं, आणि खापरं हुबेहूब पांढरीतल्यासारखी असल्यामुळे दोन्ही गावं एकाच काळची. हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. निवृत्तीनंतरही त्या प्रत्येक हिवाळ्यात येऊन मळाभर फिरत आणि इथे कुंभार राहत असतील, इथे गुरं, असं मला दाखवत. ऐकता ऐकता मलाही ती घरं दिसायला लागली होती. मी तोवर त्याच कॉलेजात शिकवायला लागले होते.

पुस्तकाची मुद्रितं आली त्याच महिन्यात बाबांनी जुनी बाग काढली आणि नव्या लागणीसाठी मळ्यात चर खोदले. मी सहज बघायला गेले आणि उभी राहिले ती राहिलेच. चराच्या भिंतीत खापरं होती, पण फक्त वरच्या वीतभर भुरकट मातीत. खाली निव्वळ काळी, कोरी करकरीत. माणूस राहिल्याची एक खूण नाही. मी बाबांना विचारलं, ही वरची माती कुठली?

"पांढरीची," बाबा म्हणाले. "तुझ्या आज्यानं गाड्या भरभरून आणून टाकली व्हती. द्राक्षं नव्हती तवा. लय जोर त्या मातीला, बाजरी अशी यायची."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघी खापरांचं इचारायच्या. मातीचं कोणी इचारलंच नाय."

आता घ्या. खापरं पांढरीसारखी होती, कारण ती पांढरीचीच होती. बैलगाडीत बसून आली होती.

बाईंना सांगायचं कसं? मी काही गोड बोलणारी नव्हे. मुद्रितांचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या, चेहऱ्यावर नव्या आजीचा आनंद. मी म्हटलं, "बाई, पलीकडे गाव नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "कशावरून?" मी चराबद्दल सांगितलं, मातीबद्दल सांगितलं. त्यांनी मुद्रितांचा गठ्ठा मांडीवरून उतरवून ठेवला. मग म्हणाल्या, "तू आता जा." निफाडच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

त्यानंतर त्यांचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही. एके सकाळी मात्र बांधावरून रुमाल बांधलेलं डोकं येताना दिसलं. बाबांचा हात धरून बाई चरात उतरल्या, थापीने भिंत तासली, वरची माती चिमटीत घेतली, खालची घेतली, दोन्ही चोळून पाहिल्या. "गाव गेलं माझं," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून बाबा तिथून उठून पाणी आणायला गेले. पाणी पिऊन झाल्यावर बांधावर बसल्या बसल्या बाई हळूहळू हसायला लागल्या. "खापरं गाडीतून आली आणि मी त्यांच्यासाठी घरं बांधत बसले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याच्यावर प्रकरण लिही. माझ्या तिसऱ्याच्या लगेच पुढे घालू."

"तुमच्याच पुस्तकात, तुमच्याविरुद्ध?"

"मग काय लोकांच्या पुस्तकात लिहिणार आहेस?"

प्रकाशक हादरले. तिसरं प्रकरण गुपचूप गाळून टाका, कोणाला कळणारही नाही, असं त्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, "मला कळलंय ना." पुस्तक निघालं ते असं: तिसऱ्या प्रकरणात बाईंनी वसवलेलं गाव, चौथ्यात माझ्या नावाने ते उठवलेलं. काही जुन्या मंडळींनी कुजबुज केली. बाईंना मात्र नवी पालवी फुटली होती. पांढरीची माती आणखी कुठे कुठे गेली, हे विचारत त्या तालुकाभर हिंडल्या, चहा पीत, म्हाताऱ्यांशी गप्पा मारत. त्यांना इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. त्यांच्याशी भांडायची इतकी सवय लागली होती की नंतर कितीतरी दिवस मला कोणाशी बोलावंसंच वाटेना.

आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडी शेजारच्या संपतअण्णांनी शेततळं खोदायला पोकलेन लावला. त्यांचं रान आमच्या मळ्याला लागून, ओढ्याच्या पलीकडेच. बाईंनी लावलेल्या खोडीप्रमाणे मी खड्ड्यात उतरले. वर नांगरट, तिच्याखाली कोरी काळी माती, आणि तिच्याही खाली, माझ्या खांद्याच्या उंचीवर, राखेचा लांबलचक पट्टा. त्यात भाजलेल्या कुडाचे, म्हणजे घराच्या लिंपलेल्या भिंतींचे, गोळे, बोरूचे ठसे असलेले. पट्ट्याच्या तळाशी एक काळं-तांबडं मडकं, अर्धं फुटलेलं, पण उभं, कोणीतरी चुलीशेजारी ठेवल्यासारखं. एवढ्या खोल बाबांचे चर गेलेच नव्हते, आणि कोणाच्या आज्याची गाडीही जात नाही. मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आवरेना.

संपतअण्णा वरून वाकून म्हणाले, "ताई, काय झालं? साप निघाला का?"

"नाही अण्णा. गाव निघालं."

"आन् माझ्या तळ्याचं काय?"

अण्णा चिडले, आणि त्यांचंही बरोबर होतं. तळ्याचा प्लास्टिक कागद येऊन पडला होता. शेवटी हंगामभर आमच्या विहिरीचं पाणी द्यायचं कबूल केलं तेव्हा त्यांनी पोकलेन परत पाठवला. बाबांना हे अजून सांगायचंय. पुरातत्त्व खात्याकडे परवानगीचा अर्ज गेला आहे, आणि थंडीत रीतसर खणायचं ठरतंय.

तोवर मी दुसऱ्या आवृत्तीचं काम काढलं आहे. बाईंचं तिसरं प्रकरण आहे तसं राहील, माझं चौथंही राहील. पाचवं नवीन आहे. त्याचं पहिलं वाक्य काल लिहिलं: बाईंचा पुरावा चुकीचा होता, बाई बरोबर होत्या.