वरच्या आळीत राहतं कोण

दिल्लीत शिकताना मी खेड्यांबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. परतताना वाटलं होतं, बोर्ली पंचतनजवळचं आमचं गाव आता निम्मं रिकामं झालेलं असणार. कुठल्या घरात कोण राहतं हे विचारत मी दारोदार फिरायला लागले. अभ्यास पहिल्याच आठवड्यात बाजूला पडला, किस्सेच साठत गेले. साध्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही.

खालच्या आळीतल्या सुमनकाकू एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"घरात माणसं किती?"

"सात."

मला त्या दिसत होत्या आणि एक मांजर.

"बाकीचे कुठे राहतात?"

"राहायला कामोठ्याला. हायेत इथलेच." मग माझ्या पेनाकडे बघून म्हणाल्या, "मांजर धरू नको हां. ती शेजारची हाय."

मोहल्ल्यात हमीदाखालांना विचारलं, कुटुंबप्रमुख कोण? त्यांनी मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर त्यांचा मुलगा सलीम, कुवेतहून.

"ह्याला विचार."

मी तोंड उघडणार तोच सलीम म्हणाला, "अम्मी, मागे दूध उतू जातंय."

खाला धावल्या. गॅस बंद झाल्यावर सलीम मला म्हणाला, "हां, बोल. मी घरीच आहे."

पोफळीच्या वाडीचा राखणदार आणि त्याची बायको माया मूळचे नेपाळचे. मी तिच्याशी हळूहळू, स्पष्ट हिंदीत बोलत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मराठीत बोला ना. माझं हिंदी कच्चं हाय."

वरच्या आळीत मात्र खरंच एकच माणूस, मंगलकाकी. बंद घरांच्या चाव्या तिच्याकडे. शिमग्याला ती घरं उघडतात, मुंबईची माणसं येतात आणि देवीची पालखी दारोदार नाचते. पण आमच्या गावचा रिवाज असा, की ज्या आळीत रोज एक तरी चूल पेटते, त्याच आळीत पालखी चढते.

यंदा काकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मुलगा तिला पनवेलला न्यायला आला. शिमग्यापर्यंत ती काही परतणार नव्हती.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. मुलगा म्हणाला, "होळीला आम्ही सगळे येतोच की. चूल तेव्हा पेटवू."

देवळाचे मानकरी असलेले गावकार हळूच बोलले, "पाव्हण्यांच्या दारात देवी येत न्हाय, बाळा. राहणारं कोण हाय, सांग."

काकी पदराने कपाळ पुसत म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे ऑपरेशन. लंगडत पेटवीन."

"आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. त्याला देवीचं काय ठावं?"

घरी आल्यावर आई म्हणाली, "तू आपली अभ्यासापुरती आलीस. जाशील परत. तुला काय त्याचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गादी गुंडाळून डोक्यावर घेतली आणि वरच्या आळीची दगडी पायऱ्यांची पाखाडी चढले.

काकी दारातच बसली होती, शेजारी पनवेलला न्यायची पिशवी. गादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चाव्यांचा जुडगा कमरेतून सोडवून माझ्या हातात दिला.

"लाकडं मागीलदारी हायेत," ती म्हणाली. "आणि पयल्या दिवशी रडू आलं, तर धुराचं नाव सांग. मी तेच सांगितलेलं."