कडूबा पेंटरचा कामाचा फळा

मोताळ्याच्या स्टँडसमोर कडूबाचं रंगकामाचं दुकान होतं. महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषद आली आणि गावोगाव बांधकामं निघाली. एका ठेकेदाराकडे एकदम सहा गावांची कामं आली. एका गावी गवंडी पोचायचे तर रेती नसायची. दुसरीकडे रेती पडून, गवंडी गायब. तो रोज दुकानात बसून हाच वैताग सांगायचा.

कडूबानं त्याला लाकडी फळा करून दिला. आडव्या ओळींत गावं. उभ्या घरांत पाया, भिंती, स्लॅब, गिलावा. काम पुढं गेलं की रंगीत खुंटी एक घर पुढं सरकवायची. अक्षरओळख नसलेल्या मुकादमालाही कळू लागलं, आज माणसं कुठं पाठवायची.

फळा बघून दुसऱ्यांनी मागितला. मेहकर, डोणगावहून माणसं आली. निवृत्ती सुतार भागीदार झाला. कडूबाची बायको जनकाबाई आणि गल्लीतल्या बाया खुंट्या रंगवू लागल्या. पाच-सहा वर्षांत खामगावला दुसरं दुकान निघालं.

जनकाबाईचा धाकटा भाऊ इंद्रभान देऊळघाटच्या वाटेवर एका गोदामाच्या कामावर सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचे टेकू, लावायचा. तिथला मालक येता-जाता कडूबाचा फळा बघे आणि ज्याची खुंटी मागं, त्याला सगळ्यांदेखत झापे. त्या धाकानं मुकादमानं स्लॅब ओला असतानाच खुंटी पुढं सरकवली. मालकानं विचारलं, "स्लॅब झाला, तर टेकू काऊन उभे हायेत?" खोटं उघडं पडू नये म्हणून मुकादमानं टेकू काढायला लावले. स्लॅबचा कोपरा खाली आला. इंद्रभानचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तो कडूबाला म्हणाला, "भाऊजी, म्या म्हटलं, स्लॅब ओला हाय. मुकादम म्हणे, फळ्यावर तर वाळला."

त्यानंतर कडूबाला जेवण गोड लागेना. त्यानं नव्या फळ्यांत एक काळी खुंटी घातली. धोका दिसला की कामावरच्या कुणीही ती लावायची. ती असेपर्यंत पुढचं काम बंद. ते सगळे फळे परत आले. मजूर काम थांबवणार, हे कुठल्याच ठेकेदाराला मान्य नव्हतं.

निवृत्ती चिडला. "तू फळा बनवून राह्यला का कोर्ट भरवून राह्यला बे? लबाड मुकादम होता. फळ्याचा काय दोष?"

"मुकादम लबाड होता, हाव. पण त्याची लबाडी चालली माह्या फळ्यामुळं."

"मंग काय, दुकान बंद करतं?"

"काळ्या खुंटीबिगर मी फळा करणार नाही."

दोघं वेगळे झाले. निवृत्तीनं खामगावचं दुकान घेतलं. त्याचे फळे अकोल्या-अमरावतीपर्यंत गेले, काळ्या खुंटीशिवाय. कडूबा पुन्हा पाट्या रंगवू लागला. जनकाबाई एकदा म्हणाली, "तुम्ही सोडलं म्हणून फळे थांबले काय?" त्यानं ब्रश रंगात बुडवला.

वर्षभरानं इंद्रभान कुबडी टेकत आला. निवृत्तीनं त्याला खामगावला कामावर बोलावलं होतं, खुंट्या रंगवायला.

"बसून कराचं काम हाय, भाऊजी. तुमच्यापाशी मले द्याले काम हाय काय?"

कडूबाकडे नव्हतं. शिडीवर चढून पाट्या रंगवणं इंद्रभानच्यानं होणार नव्हतं. कडूबा त्याची वळकटी घेऊन स्टँडवर गेला, ती बसच्या टपावर चढवली आणि त्याला हात देऊन आत बसवलं. बस निघाली तरी तो तिथंच उभा होता.